तांबडे कडे, पंचवीस वेढे : आंजर्ल्यातल्या अँटेना-जुळवणीच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला. आज सकाळी पाडेली नारळ काढायला आला होता. काम संपल्यावर त्याला चहा दिला आणि माझ्या हौशी रेडिओच्या अँटेनासाठी विहिरीकडच्या उंच माडावर एक कप्पी बांधून घेतली. तारेच्या टोकाला नायलॉनची दोरी, दोरी कप्पीतून खाली, आणि खालच्या टोकाला दगड लोंबता ठेवला आहे. वाऱ्यात माड डुलला की दगड वरखाली होतो, तारेला हिसका बसत नाही. दुसरे टोक पडवीच्या वाशाला. मध्ये वीस मीटर आणि वर दहा सेंटिमीटर तार, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी अर्धी तरंगलांबी.

नोंदी लिहायचे कारण आधी लिहून ठेवतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेले. पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. वीज गेली, मोबाइल मुका झाला. मुंबईतल्या भावाला आम्ही सगळे धड आहोत एवढे दोन शब्द कळवायला कित्येक दिवस लागले. तेव्हा ठरवले की पुन्हा असे होऊ द्यायचे नाही. अभ्यास केला, डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची, परीक्षा दिली, परवाना आला. आता घरात सेट आहे, बॅटरी आहे, पण अँटेना आजवर तात्पुरतीच राहिली. अंगणात बांबूवर टांगलेला द्विध्रुव, म्हणजे मधोमध जोडणी असलेली अँटेना, दर वादळात खाली येतो आणि त्याची मधली फीडर-तार वाडीत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येते. एका टोकाला जोडणी असलेली तार आमच्या जागेला बरी. सगळे यंत्र पडवीत, बाकी फक्त एक बारीक तार आकाशात.

अडचण एकच. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाला रोध फार मोठा असतो, दोन-अडीच हजार ओहम. सेटला हवेत पन्नास. मधली जुळवणी करायला एल आकाराचे साधे जाळे पुरते: एक कॉइल मालेत, एक कपॅसिटर तारेच्या बाजूला जमिनीकडे. २४५० ओहम धरून हिशेब केला. २४५० भागिले ५० म्हणजे ४९, त्यातून एक वजा केल्यावर ४८, त्याचे वर्गमूळ ६.९३. कॉइलची रिअॅक्टन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा तिचा विरोध) ५० गुणिले ६.९३, म्हणजे ३४६ ओहम. ७.१ मेगाहर्ट्‌झला ती ७.८ मायक्रोहेन्री होते. कपॅसिटर ६३ पिकोफॅरड.

कॉइल हवेतलीही चालेल. ५० मिमी व्यासावर, ५० मिमी लांबीत साधारण १५ वेढे. पण ती डब्यात घातली की डब्याच्या स्क्रूंशी आणि आतल्या तारांशी तिचे चुंबकक्षेत्र झगडते, आणि डब्याबाहेर ठेवली की समुद्राची खारी हवा. टोरॉइडचे, म्हणजे कड्यावर गुंडाळलेल्या कॉइलचे, क्षेत्र त्याच्या कड्यातच फिरते, म्हणून तो लहान बंद डब्यात बसवता येतो. टोरॉइडच गुंडाळायचा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

जुन्या कॉम्प्युटरच्या बंद पडलेल्या पॉवर सप्लायमधून एक पिवळे कडे निघाले. बाहेरचा व्यास २७ मिमी. कड्यांच्या मिश्रणांपैकी मिक्स ६ पिवळा असतो आणि तो मिक्स २ पेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सीला चालतो, एवढे वाचले होते. जुनी तार सोडवली, नवी गुंडाळली. एलसीआर मीटरवर नऊ वेढ्यांत साडेसात मायक्रोहेन्री आले. इतक्या कमी वेढ्यांत काम झाले म्हणून समाधान वाटले.

संध्याकाळी पडवीत ब्रेडबोर्डच्या लाकडी फळीवर जोडणी केली. कपॅसिटर म्हणून जुन्या रेडिओतला गॅंग, पाती फिरवून बदलता येणारा. एक वेढा वाढवला, गॅंग फिरवला, एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळली) १.३ वर आला. अंधार पडेपर्यंत नुसता तो आकडा बघत बसलो होतो.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी सातला चाळीस मीटरवर, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, गेलो. कोल्हापूरचे अण्णा रोज त्या वेळी असतात. सह्याद्री मध्ये असला तरी या बँडवर सकाळी आकाशातून परत येणारा सिग्नल त्यांच्याकडे नीट पोचतो. मागच्या रविवारी मोडक्या द्विध्रुवावर त्यांनी मला सिग्नलच्या जोराचा आकडा एस ९ दिला होता. आज म्हणाले, "अरे, आज कुठे दडलायस? एस ८ पण कसाबसा. वीस वॅटच आहेत ना तेच?" वीसच होते.

बोलता बोलता एसडब्ल्यूआर १.३ वरून २ च्या वर चढला. गॅंग फिरवून खाली आणला, पुन्हा चढला. कड्याला बोट लावले तर चटका बसला. टेप मऊ पडली होती.

दुपारभर हेच मोजले. कॉइल आणि १०० पिकोफॅरडचा सिल्व्हर मायका कपॅसिटर मालेत जोडून नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्रावर टाकले. ज्या फ्रिक्वेन्सीला रिअॅक्टन्स शून्य होते तिथे दोघे एकमेकांना रद्द करतात आणि पडद्यावर उरतो तो शुद्ध रोध, म्हणजे कॉइलचे नुकसान. तो आकडा दोन-तीन ओहमच्या खाली यायला हवा. आला चाळीस ओहमच्या वर.

यातून सगळे उलगडले. सेटला पन्नास ओहम दिसत होते हे खरे, पण त्यातले चाळीस कड्याच्या पोटात होते. वीस वॅटमधले सोळा वॅट ते कडे गरम करण्यात जात होते आणि तारेला चार मिळत होते. सात डेसिबल कमी, म्हणजे अण्णांच्या मीटरवर एक युनिटाहून जास्त, आणि तेवढेच त्यांनी सांगितले होते. एसडब्ल्यूआर मीटर हे कधीच सांगणार नाही. पन्नास ओहमचा नुसता रोधक जोडला तरी तो १.० दाखवील. मीटर फक्त एवढेच सांगतो की शक्ती परत आली नाही. ती हवेत गेली की उष्णतेत, ते बोटाने बघायचे.

कडे उजेडात नीट पाहिले. पिवळ्या रंगाची एक बाजू पांढरी आहे. पिवळे आणि दुसरी बाजू बिनरंगी म्हणजे मिक्स ६, पार्म्याबिलिटी (चुंबकक्षेत्र वाहून नेण्याची क्षमता) साडेआठ. पिवळे-पांढरे म्हणजे मिक्स २६, पार्म्याबिलिटी ७५, पॉवर सप्लायच्या किलोहर्ट्‌झच्या कामासाठी बनवलेले. नऊ वेढ्यांत साडेसात मायक्रोहेन्री आले तेव्हाच थांबायला हवे होते. त्याच मापाच्या मिक्स ६ वर नऊ वेढ्यांत एक मायक्रोहेन्रीही झाली नसती. आठपट फरक मीटर समोर दाखवत होता.

नोंद स्वतःसाठी ठळक करतो: अनोळखी कड्यावर आधी दहा वेढे, मग मोजणी, मग रंग दोन्ही बाजूंनी बघायचा.

२४ ऑक्टोबर

पुण्याच्या एका मित्राला फोन केला. त्याच्याकडे दोन तांबडी कडी आहेत, टी१३०-२ आणि टी२००-२. दोन्ही मिक्स २. नावातच माप असते: १३० म्हणजे १.३० इंच बाहेरचा व्यास, २०० म्हणजे २ इंच. शेवटचा आकडा मिश्रणाचा. लोखंडाची अगदी बारीक पूड, प्रत्येक कण दुसऱ्यापासून विलग राहील अशी बांधून दाबलेली. कणांच्या मधल्या त्या जागांमुळे पार्म्याबिलिटी जेमतेम दहा राहते, पण एचएफवर, म्हणजे आपल्या लघुलहरींवर, नुकसान कमी आणि तापल्यावर मूल्य फारसे हलत नाही.

कोणते मागवायचे? रात्री जेवण झाल्यावर वही काढली. माझ्या परवान्यावर ५० वॅट. पन्नास ओहममध्ये ५० वॅट म्हणजे कॉइलमधून एक अँपिअर, आणि ३४६ ओहमवर ३४६ व्होल्ट. कड्यात चुंबकीय फ्लक्स किती दाट होईल त्याचे सूत्र: व्होल्ट भागिले ४.४४, फ्रिक्वेन्सी, वेढे आणि कड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार.

टी१३० ला वेढे २७ लागतील, छेद ०.७ चौरस सेंमी. उत्तर ५८ गॉस. टी२०० ला वेढे २५, छेद १.२७ चौरस सेंमी. उत्तर ३५ गॉस. लोखंडी पुडीच्या कड्यांसाठी ७ मेगाहर्ट्‌झला ५७ गॉसच्या आत राहावे असा निर्देश असतो. म्हणजे लहान कडे अगदी काठावर. फुटलेल्या बोटीत उभे राहून जाळे टाकण्यासारखे. मोठेच मागवले.

भाऊ दिवाळीला येतोय, तो पुण्याहून घेऊन येईल.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दापोलीला जाऊन आलो. पाऊस संपला की वाड्यांना शिंपणे सुरू होते आणि सगळ्यांना एकदमच आपले पंप आठवतात, त्यामुळे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उघडे स्टेटर, जळक्या वार्निशचा वास, भिंतीला तारेची रिळे. काका मला लहानपणापासून ओळखतात.

"काय रे, पंप जळला का?"

"नाही काका. सोळा नंबरची तार हवी होती. पावशेर द्या."

"पावशेरात कसली मोटार भरतोस तू?"

रेडिओचे काम सांगितले. कडे अजून हातात नव्हते, म्हणून मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिला. "यात आमचं मशीन चालायचं नाही. एकेक फेरा हातानं ओढायचा." मग न विचारता दोन गोष्टी सांगितल्या, त्या जशाच्या तशा लिहितो. एक: "तार रिळावरची वाकडी असते. एक टोक खांबाला बांध, दुसरं पक्कडीत धर आणि जरा ओढ. किंचित लांबली की कळतं हाताला. मग ती काठीसारखी सरळ राहते." दुसरी: "कड्याची धार असते. त्या धारेवर इनॅमल सोलवटतं आणि फेरे आतल्या आत शॉर्ट होतात. खाली काहीतरी घे." त्यांनी लेदरॉइड कागदाचा तुकडा दिला.

सोळा नंबर म्हणजे १.६ मिमी जाडी. एक अँपिअरला यापेक्षा पुष्कळ बारीक तारही चालली असती. पण या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तांब्याच्या सालीतूनच वाहतो, पृष्ठभाग जितका मोठा तितका रोध कमी. शिवाय जाड तार एकदा वळवली की जागेवर बसून राहते. पावशेरात साधारण तेरा मीटर येते, म्हणजे चुकायला भरपूर वाव.

लेदरॉइड शेवटी वापरणार नाही. मोटारीत ते वार्निशमध्ये मुरते म्हणून चालते. आमच्याकडे कागद म्हटला की आषाढात ओला. त्याऐवजी नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप घेतली. ती पाणी धरत नाही आणि उष्णतेलाही दाद देत नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

फराळ झाला. भाऊ वर कड्यावरच्या गणपतीला गेला, पुतणी माझ्याजवळ ओटीवर बसली. ती आठवीत आहे. तिच्या हातात तांबडे कडे दिले. दोन इंच व्यास, मधले भोक सव्वा इंचाचे, हाताला वजनदार. एक बाजू तांबडी, दुसरी करडी, रंग न लावलेली.

वेढ्यांचा हिशेब तिच्याकडूनच करून घेतला. या कड्याचा एएल आकडा १२: वेढ्यांचा वर्ग गुणिले १२ म्हणजे नॅनोहेन्री. २५ चा वर्ग ६२५, गुणिले १२, म्हणजे ७५००. २६ चा ६७६, म्हणजे ८११२. आपल्याला हवे ७८००, दोघांच्या मधले.

"मग साडेपंचवीस गुंडाळू."

अर्धा वेढा टोरॉइडला नसतो. तार भोकातून गेली की एक, नाही गेली तर नाही. नुसती सरळ तार भोकातून आरपार घातली तरी तो एक पूर्ण वेढा. हे तिला पटायला थोडा वेळ लागला. ठरले असे की २६ घालायचे, मोजायचे, मग बघायचे.

एका वेढ्याला साधारण ५ सेंमी तार लागते. २६ वेढ्यांना १ मीटर ३०, आणि दोन्ही टोकांना वीस-वीस सेंमी, म्हणून १ मीटर ७० तोडली. ओटीच्या खांबाला बांधून ओढली. काकांनी सांगितले तसेच झाले: एका क्षणी तार हाताखाली किंचित सैल पडल्यासारखी वाटते, आणि सोडल्यावर सरळ राहते.

कड्यावर पांढरी टेप अर्धी-अर्धी चढवत दोन थर दिले. मग तारेचा मध्य भोकात ठेवला आणि तिथूनच दोन्ही बाजूंना गुंडाळायला घेतले. असे केले की एकेक वेढ्याला पूर्ण तार ओढावी लागत नाही, अर्धीच ओढावी लागते. एवढी लांब तार भोकातून पंचवीस वेळा घासत नेली तर शेवटच्या टोकाचे इनॅमल खराब होतेच. डाव्या हाताचा अंगठा आधीच्या वेढ्यावर दाबून धरायचा, उजव्या हाताने तार आतून वर घ्यायची, बाहेरच्या काठावर अंगठ्याच्या पेराने दाबून कड्याला चिकटवायची, मग पुढचा. सैल सुटलेला वेढा नंतर घट्ट होत नाही. दहाव्या वेढ्यापर्यंत अंगठा लाल झाला. या कामात मला जो निवांतपणा मिळतो तो दुसऱ्या कशात मिळत नाही.

पुतणीने मोजले, पंचवीस. मी मोजले, सव्वीस. ती बाहेरून मोजत होती. बाहेरच्या काठावर पहिल्या आणि शेवटच्या फेऱ्याची टोके सुटी असतात, तिथे एक कमी दिसतो. भोकात बोट घालून आतून मोजायचे. तिने खडूने वहीवर रेघा ओढत पुन्हा मोजले आणि सव्वीस म्हणाली.

मोजणी: १०० पिकोफॅरडसोबत रिअॅक्टन्स शून्य ५.६३ मेगाहर्ट्‌झला. म्हणजे ८.० मायक्रोहेन्री. जास्त. एक वेढा सोडला, उरलेले सारखे पसरले, ५.८५ ला आले, ७.४. कमी. मग वेढे हळूहळू जवळ सरकवले. वेढे जवळ आले की एकमेकांशी जास्त जोडले जातात आणि इंडक्टन्स थोडी वाढते. ५.७३ ला थांबलो, ७.७ मायक्रोहेन्री. पहिल्या आणि शेवटच्या वेढ्याच्या मध्ये अंगठ्याएवढी मोकळी जागा राहिली आहे, ती राहू दिली. तिथेच दोन टोकांमध्ये सगळ्यात जास्त व्होल्टेज असते.

आणि उरलेला रोध: १.२ ओहम. नॅनोव्हीएनए एवढ्या लहान आकड्याला काटेकोर नसतो, पण चाळीस कुठे आणि एक-सव्वा कुठे. हा आकडा मी पुतणीला तीनदा दाखवला.

५ नोव्हेंबर

गॅंग कपॅसिटर बाद. १९ तारखेला पडवीत राहिला होता तेवढ्यात पात्यांवर पांढुरकी खारट साय धरली. तारेच्या टोकाला ५० वॅटला ३५० व्होल्ट असतात, शिखराला पाचशेच्या जवळ. पात्यांमधल्या मीठ धरलेल्या फटीत ठिणगी पडायला तेवढे पुरेल.

त्याऐवजी कोॲक्सचा (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलचा) तुकडाच कपॅसिटर म्हणून वापरतोय. आरजी-५८ ची धारकता मीटरला १०० पिकोफॅरड असते, म्हणून ६३ साठी ६३ सेंमी. एक टोक जोडायचे, दुसरे उघडे. मधले प्लास्टिक हेच डायइलेक्ट्रिक आणि हवा आत शिरत नाही. ७० सेंमीने सुरुवात केली आणि एकेक सेंमी कापत गेलो. उघड्या टोकाशी जाळी एक सेंमी मागे सोलावी लागते, नाहीतर मधल्या तारेपासून जाळीपर्यंत ठिणगी जाते. वर उष्णतेने आकसणारी नळी. ५८ सेंमीला एसडब्ल्यूआर १.२ आला, ७.१ मेगाहर्ट्‌झला. हिशेबापेक्षा पाच सेंमी कमी, कारण डब्यातल्या तारांनाही चार-पाच पिकोफॅरड असतातच. आपला ७.० ते ७.२ चा पट्टा दोन्ही टोकांना २ च्या आत.

१० नोव्हेंबर

डबा: विजेच्या दुकानातला प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, रबरी गॅस्केटचा. कडे आत नायलॉनच्या पट्टीने प्लास्टिकच्या ठोकळ्यावर उभे बसवले. लोखंडी स्क्रू एकही नाही, सगळे स्टेनलेस, टर्मिनल पितळी. जमिनीच्या बाजूला दोन मीटरची तार पडवीच्या कडेने सोडली, प्रतितार म्हणून.

पहिल्याच चाचणीत मायक्रोफोन ओठाला लागला की बारीक चटका बसला. कोॲक्सच्या बाहेरच्या सालीवरून आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा प्रवाह, घरात येत होते. यासाठी दुसरे कडे: एफटी२४०-४३, फेराइट, काळे, २.४ इंची. त्यातून आरजी-५८ चे बारा वेढे. हे नवीन माणसाला गोंधळात टाकते म्हणून लिहितो. तांबडे कडे आणि हे काळे कडे दिसायला भावंडे, पण यांची कामे एकमेकांच्या उलट. तांबड्यात शक्ती साठवायची आणि जशीच्या तशी परत द्यायची, म्हणून नुकसान कमीत कमी. काळ्यात बाहेरच्या सालीवरचा प्रवाह अडवायचा, तिथे त्याची पार्म्याबिलिटी आठशेच्या आसपास असते आणि या फ्रिक्वेन्सीला ते नुकसानीचेच असते. ते हवेच आहे. या फेराइटवर जुळवणीची कॉइल गुंडाळली तर माझ्या पिवळ्या कड्याचीच गत होईल.

चटका गेला.

अजून एक: या जाळ्यात तारेपासून जमिनीपर्यंत डीसीचा रस्ताच नाही. वळवाच्या आधी हवेतला विद्युतभार तारेवर साठतो. तारेच्या टर्मिनलपासून जमिनीपर्यंत ४७० किलोओहमचे दोन रोधक मालेत टाकले. ३५० व्होल्टला सगळे मिळून जेमतेम पाव वॅटच्या आत जातो आणि भार हळूहळू उतरत राहतो. विजेपासून याने रक्षण होत नाही. गडगडाट ऐकला की तार काढून बाहेर फेकायचीच.

१७ नोव्हेंबर, रविवार

५० वॅट, सलग एक मिनिट वाहक लहर, मोकळी फ्रिक्वेन्सी बघून. मग सेट बंद, डबा उघडला, बोट. कडे किंचित कोमट, सकाळच्या उन्हात ठेवलेल्या तांब्याएवढे. हिशेबाने दीड वॅट कॉइलमध्ये जायला हवेत, ते पटले. एसडब्ल्यूआर जागचा हलला नाही.

साडेसातला अण्णा: "एस ९, वर दहा डेसिबल. आज कसं वाजतंय. काय केलंस?"

"कडं बदललं अण्णा."

त्यांनी वेढे किती ते विचारले, तार कोणती, कोअर कोणता. मी सगळे सांगितले आणि त्यांच्या बाजूला पेन्सिल चालल्याचा आवाज मला ऐकू आला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

दोन महिने झाले. हापूसला मोहोर आलाय, वाडीत सगळीकडे वास. रोज एसडब्ल्यूआर बघतो, आणि आठवड्याने उरलेला रोध. तो १.२ वरून २.१ झाला. डबा उघडला. कडे कोरडे, तार ठीक. जिथे इनॅमल खरवडून लग (तार जोडायची धातूची चकती) सोल्डर केला होता तिथे सोल्डरच्या पुढे तीन-चार मिलिमीटर उघडे तांबे राहिले होते, आणि त्यावर हिरवा कळंक धरला होता. देवघरातल्या तांब्याला धरतो तसाच. केबल ग्लँडच्या फटीतून खारी हवा आत आली असणार.

लग काढला, तांबे काचपेपरने लख्ख केले, पुन्हा सोल्डर, या वेळी इनॅमलच्या काठापर्यंत कथिल चढवले. दापोलीच्या काकांकडून छोट्या बाटलीत वाइंडिंग वार्निश आणले आणि फक्त लगवर आणि टोकांवर दिले. पूर्ण कॉइल वार्निशात बुडवली नाही. वेढ्यांच्या मध्ये वार्निश भरले की वेढ्यांमधली धारकता वाढते आणि पुन्हा सरकवून जुळवता येत नाही. ग्लँडला सिलिकॉन. रोध १.२.

२७ मे, मंगळवार

यंदा मोसमी पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला. आंबा अजून झाडावर आहे आणि पागोळ्या सुरू. काल रात्री वारा होता, वीज संध्याकाळपासून नाही.

सकाळी आकाश नीट ऐकले, गडगडाट नाही, तेव्हा तार जोडली. बॅटरीवर वीस वॅट. ओल्या तारेने आणि ओल्या झावळ्यांनी जुळणी खाली सरकली आहे: तळ ७.१० वरून ७.०६ ला, ७.१ ला १.४. चालेल. डबा उघडून पाहिला, आत कोरडे, लग चकचकीत. रोध १.३.

अण्णा होते. कौलांवरचा पाऊस माझ्या माइकमधून त्यांना ऐकू जात होता. "एस ९. पाऊस पण एस ९," म्हणाले. त्यांच्याकडून मुंबईत भावाला फोन करून कळवले की वीज नाही, बाकी सगळे ठीक, तारांबळ करू नये. दहा मिनिटांनी त्यांनी निरोप परत दिला: पुतणी विचारतेय, वेढे अजून पंचवीसच आहेत ना.

विहिरीकडच्या माडाची एक झावळी वाऱ्यात तारेला घासतेय. पाऊस उघडला की पाडेलीला सांगायचे.